खणांची उजळणी

डोळे मिटून मार्सीने तातडीच्या औषधांच्या गाडीचा दुसरा खण ओढला, उजव्या कोपऱ्यातल्या कुप्या चाचपल्या आणि खण बंद केला. मग पुन्हा तेच.

"काय पाहुणीबाई, गाडीपुढे प्रार्थना चाललीय का?"

लोरेटा इथली मुख्य परिचारिका. नेब्रास्कातल्या या आडगावच्या इमर्जन्सीत तिने एकतीस वर्षं काढली होती. मार्सीचा आज दुसरा दिवस. कराराच्या परिचारिकेचं आयुष्यच तसं, तेरा आठवडे एका गावात, मग बॅगा उचलून पुढच्या. फळ्यावर तिचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'पाहुणी' लिहिलं होतं.

"हाताला शिकवतेय," मार्सी म्हणाली. "तो मेला अजून टल्साच्या दवाखान्यातच आहे, मागच्या करारात. तिथं ॲड्रेनलिन चौथ्या खणात असायचं."

"आमचा हात नाही हो कुठं भटकत."

"पण इथली मांडणीही परवाच बदललीय ना? गाडीवर कागद लावलाय."

"कागद लावणाऱ्यांनी कधी पेशंट हाताळलाय?" लोरेटा फणकारली आणि कॉफी ओतायला गेली.

दहाच्या सुमारास दार धाडकन उघडलं. दोघा शेतमजुरांनी एका माणसाला उचलून आत आणलं. गांधीलमाश्या डसल्या होत्या. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता, गळ्यातून शिट्टीसारखा आवाज निघत होता. लोरेटाने मात्र बूट पाहूनच ओळखलं.

"ड्वेन! अरे देवा, माझा ड्वेन!"

तिचा धाकटा भाऊ.

"ॲड्रेनलिन, मांडीत!" डॉक्टर ओरडले.

गाडीपाशी लोरेटाच होती. तिने पहिला खण ओढला. आत नळ्या. तिने त्या उपसून जमिनीवर टाकल्या आणि पुन्हा त्याच खणात हात घातला. ड्वेनची शिट्टी बारीक होत गेली, मग थांबलीच.

"इथंच असतं! इथंच असतं गं!"

मार्सीने तिला खांद्याने बाजूला ढकललं. दुसरा खण, उजवा कोपरा. कुपी फोडून सुई भरली आणि जीन्सवरूनच मांडीत खुपसली. डॉक्टर तोंडावर मास्क दाबून फुग्याने हवा देत राहिले. एक मिनिट गेलं. आपल्याला उशीर तर झाला नाही, म्हणून मार्सीने ड्वेनच्या मनगटावर नाडी शोधली.

मग ती शिट्टी पुन्हा वाजली. लोरेटा मटकन नळ्यांच्या पसाऱ्यातच बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्सी आली, तर लोरेटा गाडीपुढे डोळे मिटून उभी. तिने पहिला खण ओढला आणि जीभ चावली.

"ड्वेन कसा आहे?" मार्सीने विचारलं.

"मेला पॅनकेक मागतोय." डोळे मिटलेलेच. "तू किती वेळा करतेस हे?"

"चाळीसेक."

"माझं वीस वेळा झालं. ते स्टूल ओढ आणि बस इथं. चुकले की हातावर चापट मार."