वापरू नये असा बाण

मी एक बाण बोलतोय. धनुष्य शोधू नका, ते नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन चौकटींच्या मधे ओढलेली, टोकाला इवलासा त्रिकोण असलेली एक रेघ, एवढंच माझं शरीर.

आमच्या घराण्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम साधं. शब्दकोशाला शब्दांचे अर्थ माहीत असतात, आम्हाला त्यांची नाती. मेंदूचा कुठला आजार कुणाच्या पोटचा, कोणती चाचणी मेंदूचं कोणतं काम तपासते, ते काम बिघडलं तर संशय कुणावर घ्यायचा, हे सगळं चौकटी आणि बाणांनी मांडून ठेवलं की कॉम्प्युटरलाही उमगतं. प्रत्येक घरात एखादी आत्या असते, तिला कोण कुणाचं कोण हे तोंडपाठ असतं. आमचं घराणं म्हणजे या हॉस्पिटलची तीच आत्या.

मला जन्म दिला मॅडमनी. दुसऱ्या मजल्यावर, प्रिंटरच्या शेजारी त्यांचं टेबल. चष्मा डोक्यावर ठेवून तोच टेबलभर शोधायची त्यांना सवय. चौकटींशी त्या बोलायच्या, "तू कुणाची गं? चल, तुझ्या घरी सोडते." माणसांशी मात्र क्वचितच बोलायच्या.

स्मरणशक्तीच्या चाचणीत एक प्रश्न असतो. कागदावर खोक्यासारखा घन काढलेला असतो, तो बघून समोरच्यानं तसाच काढायचा. 'घन उतरवता आला नाही' ही एक चौकट, आणि पार दुसऱ्या टोकाला 'स्मृतिभ्रंश' ही दुसरी. रीतीप्रमाणे या दोघींच्या मधे आणखी चौकटी हव्या होत्या. या प्रश्नानं नेमकं काय तपासलं, आणि तो चुकण्याचं दुसरं काय कारण असू शकतं, हे सांगणाऱ्या. पण त्या दिवशी तीनला मीटिंग होती. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, "मधलं नंतर भरू," म्हणाल्या आणि मला सरळ आरपार ओढून मोकळ्या झाल्या.

नंतर! माणसांचा या शब्दावर किती जीव असतो. ते नंतर काही उगवलं नाही.

बाकीचे बाण आखूड, दाटीवाटीनं राहणारे. त्यांना शेजार होता. मी एवढ्या मोठ्या पांढऱ्या मोकळ्या जागेवरून एकटाच गेलेलो. दोन्ही टोकांना चौकटी होत्या, पण माझ्याशी कुणी बोलायचं नाही. खोटं कशाला सांगू, मला त्यातही फुशारकी वाटायची. खालच्या चाचणीच्या खोलीत कुणाचा घन चुकला की पडद्यावर मी निळा उजळायचो आणि सगळे माझ्याकडे बघायचे. एकट्याला तेवढंसुद्धा पुरतं.

मग एके दिवशी त्या आजी आल्या. साठ वर्षं शिवणकाम केलेल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या. दोन-तीनदा गॅस चालू राहिला म्हणून मुलगी घेऊन आली होती. चाचणी घेणाऱ्या सरांनी कागद पुढे सरकवला. "आजी, हे बघून असंच काढा."

आजींनी पेन्सिल शिंप्याच्या खडूसारखी आडवी धरली. चित्राकडे बराच वेळ पाहिलं. मग एक चौकोन काढला, त्याच्या चारी बाजूंना चार जोडले आणि एकाच्या पुढे सहावा.

"असंच म्हणजे हुबेहूब, आजी," सर म्हणाले.

"तेच तर काढलंय. असा बेतला की खोका होतो."

सरांनी नियमाप्रमाणे शून्य दिलं. लक्षात ठेवायला सांगितलेल्या पाचपैकी दोन शब्दही आजी विसरल्या होत्या, पण तेवढ्यानं काही झालं नसतं. मी उजळलो. पडद्यावर आलं, 'स्मृतिभ्रंशाचा दाट संशय'. मुलीचा चेहरा पडला. आजींचं उत्तर सरांनी शेऱ्याच्या रकान्यात जसंच्या तसं टाइप केलं, पण त्या रकान्यातून एकही बाण निघत नव्हता. आमच्या घराण्यात ज्याला बाण नाही, त्याला कुणी विचारत नाही.

त्याच आठवड्यात मुलीनं आजींची कात्री काढून घेतली. हाताला लागेल, ही भीती. शिलाई मशीनही देऊन टाकलं. हे सगळं मला पुढच्या तपासणीला मुलीच्या बोलण्यातून कळलं, नोंदीत मात्र एवढंच आलं. 'कामात लक्ष नाही. दिवसभर खिडकीत बसून असतात. बोलणं कमी झालं.' ही तिन्ही वाक्यंसुद्धा आजाराच्या खात्यात जमा झाली. कात्री कुणी नेली, हे विचारणारी चौकट नव्हतीच. मला वाईट वाटलं, पण बाणाला मागे वळता येत नाही.

आठ महिन्यांनी मॅडम जुन्या बाणांची आवराआवर करायला बसल्या. माझ्यावरून कोण कोण गेलं ते तपासताना आजींचा शेरा त्यांच्यासमोर आला. त्यांनी तो दोनदा वाचला. प्रिंटरमधून कोरा कागद ओढला, सहा चौकोन काढले, कापले, दुमडले. टेबलावर खोका उभा राहिला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्याकडे इतका वेळ कुणीच पाहिलं नव्हतं, आणि नेमकं तेव्हाच मला नको होतं.

आमच्यात कुणाला पुसून टाकत नाहीत. आमचा ओळखीचा नंबरही दुसऱ्याला देत नाहीत. फक्त करडा रंग देतात आणि पुढे लिहितात, 'वापरू नये'. माझ्यापुढे मॅडमनी तेच लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं, 'संबंध अपुरा'.

मॅडमनी खाली कळवलं, तसं सरांनी आजींना पुन्हा बोलावलं. या वेळी लिहिण्या-काढण्याची परीक्षा नव्हती, गप्पा होत्या, हिशेबाचे प्रश्न होते, रोजच्या कामांची चौकशी होती. आजी थोडं विसरत होत्या, त्यांच्या वयाला शोभेल इतकंच. सरांनी मुलीला तसं स्पष्ट सांगितलं आणि चूक आमची होती, असंही सांगितलं. मुलीनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली कात्री काढून टेबलावर ठेवली.

आजींनी कात्रीला हात लावला नाही. टेबलावर मॅडमनी दिलेला कागदी खोका होता, तो उचलला. अलगद उलगडून सपाट केला, कडेनं बोट फिरवलं.

"हा कुणी बेतला?"

"आमच्या मॅडमनी."

"शिवणीला जागा सोडायला विसरल्या त्या. हा जोडायचा कसा?" आजी म्हणाल्या. मग जराशानं, "त्यांचीही परीक्षा घ्या एकदा."

सर हसले. मुलगी हसता हसता रडायला लागली. "आई, मशीन नाही मिळणार आता परत."

"मग हातानं शिवीन," आजी म्हणाल्या, आणि कात्री उचलून तिची धार अंगठ्यानं तपासू लागल्या. "गंज चढलाय. आधी धार लावून आण."

त्याला आता बरेच दिवस झाले. माझ्या जागी मधल्या चौकटी आल्या आहेत, 'पेन्सिलीची सवय', 'शाळा', 'धंदा'. शेऱ्याच्या रकान्यालाही बाण फुटले आहेत, तिथे सतत जा-ये असते. मी करडा, यादीच्या तळाशी. इथे कुणी येत नाही. एकटेपणाची सवय होईल म्हणतात, मला झालेली नाही. तरीही मला पुसू नका, एवढीच विनंती. मी दिसत राहिलो, तर घाईत असलेला दुसरा कुणी मला नव्यानं ओढायचा नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. आजी गेल्यावर सरांनी वर जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी मला पुन्हा उघडलं, 'संबंध अपुरा' हे शब्द खोडले आणि कारणाच्या जागी दुसरे लिहिले. माझ्या सोबतीला आता तेवढेच आहेत.

'शिवणीला जागा सोडली नव्हती.'