दोन्ही वायरी लाल

किन्हवलीला काशीच्या अंगणात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मुरबाडहून दोन टेम्पो भरून आले होते, शहापूरहून रिक्षा आल्या होत्या, आणि आसनगावचे तिघे नोकरदार तर साहेबाला 'ताप आलाय' असं कळवून आले होते. ताप खरोखरच होता, फक्त अंगात नव्हता. सगळे हात जोडून उभे होते ते एका गाडीपुढे.

दोन दारांची, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार. वय पंचविशीच्या पुढे. एके काळी मुंबईचा कुणी शेठ तिच्यातून वाऱ्यासारखा पळायचा. आता तिच्या बॉनेटवर हळदीकुंकवाचे पट्टे होते, चारही चाकांखाली लिंबं होती आणि वायपरला झेंडूची माळ होती.

ही गाडी बोलायची. तीही काशीच्या मेलेल्या नवऱ्याच्या, कुंडलिकच्या आवाजात.

कुंडलिक त्या शेठचा ड्रायव्हर. तानसाकडच्या फार्महाऊसवर गाडी कायमची बंद पडली, तेव्हा शेठने ती त्याला देऊन टाकली. कुंडलिकने दोन वर्षांचे सगळे रविवार तिच्याखाली उताणं पडून काढले आणि तिला पुन्हा चालती केली. शेवटी हौसेने स्पीकरही बसवले. आणि आठवड्याभरात, ऐन शिमग्यात, छातीत कळ येऊन गेला. पाच महिने गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली गप्प उभी होती. मग नादानंद महाराज आले आणि तिला वाचा फुटली.

नादानंद महाराज पूर्वाश्रमी कल्याणला पाण्याचे फिल्टर विकायचे. आता फिल्टरची भानगड सोडून ते नुसतं पाणीच विकत होते. बाटली गाडीच्या बॉनेटवर पाच मिनिटं ठेवली की आतल्या पाण्याचं नादजल व्हायचं.

"भक्तहो!" महाराज गरजले. "डॅशबोर्डातला टेप बघा. बटणं तुटलेली! चावी कुठे आहे? काशीमातेच्या कनवटीला! इंजिन बंद! मग आवाज कुठून येतो? डावीकडून? नाही! उजवीकडून? नाही! पुढून, मागून, वरून? नाही, नाही, नाही! आत्म्याला दिशा नसते! परदेशातले शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन आले होते. यंत्रं जळून गेली!"

"सगली?" कुणी तरी विचारलं.

"सगळी! चार्जरसकट!"

लोकांनी हात जोडले. चार्जरसकट म्हटल्यावर शंकेला जागा कुठे उरली?

महाराजांची शिस्तही मोठी शास्त्रशुद्ध होती. दर अमावास्या-पौर्णिमेला काशीने अर्धा तास इंजिन चालू ठेवायचं. सायलेन्सरचा धूर हा धूप. त्याने खोकला आला तर समजावं, पाप बाहेर पडतंय. गावातली बरीच पापं त्या दोन महिन्यांत बाहेर पडली.

गर्दीच्या मागे रंजिता उभी होती. कुंडलिकची धाकटी बहीण, पंचेचाळिशीची. शहापूरच्या बाजारात तिचं गाड्यांना टेप-स्पीकर बसवायचं दुकान. कुठल्या वर्गात शिकली नव्हती. नवऱ्याच्या हाताकडे बघत शिकली आणि नवरा गल्फला गेल्यावर दुकानच चालवू लागली. सुरुवातीला गिऱ्हाईक विचारायचं, "बाय, मेकॅनिक कंदी येल?" ती म्हणायची, "आलाय. साडी नेसून आलाय."

ती आली होती वहिनीसाठी. काशीला वर्षानुवर्षं साखर. रोज दोनदा इन्सुलिन. आणि गाडीने तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं, "काशी, सुया टोचू नको. नादजल पी." तेव्हापासून सुया फळीवर आणि काशी बाटलीवर. टाचेची जखम काळी पडत चालली होती.

काशीची मुलगी समीक्षा बारावीला होती. तिने आत्याला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "आत्ये, आईच्या पायाला वास येतो गो."

एका वेळी एकाच भक्ताने गाडीत बसायचं, दार लावून घ्यायचं, बाकीच्यांनी अर्ध्या उघड्या काचेतून ऐकायचं. रंजिताचा नंबर आला. ती बसली. दार लागलं. आणि आवाज आला.

"रंजिता... मी सुकात हाय... काशीला सांबाल..."

तो कुंडलिकचाच आवाज होता. तोच घोगरा, तोच शेवटचा शब्द ओढायची सवय. आणि तो खरंच कुठून येत नव्हता. डोक्याच्या आत, मानेच्या मागे, सगळीकडून. रंजिता ढसढसा रडली. लोकांनी बाहेर 'नादानंद महाराज की जय' केलं. बहीण रडली, म्हणजे शिक्काच बसला.

पण रडता रडता तिच्या कानांनी आपलं नेहमीचं काम चालू ठेवलं होतं. आवाजाला बूड नव्हतं. पातळ ताकासारखा आवाज. हा आवाज तिने कुठे तरी ऐकला होता. कुठे तरी कसला, दर आठवड्याला ऐकत होती! स्वतःच घरी स्पीकर बसवायला जाणारी गिऱ्हाइकं मग दुकानात येऊन हीच तक्रार करायची: "ताई, आवाज आहे, पण कुठे आहे ते कळत नाही."

तिने पदराने डोळे पुसले आणि पाय लांब केल्यासारखं करून सीटखाली हात घातला. हाताला काडेपेटीच्या पुड्याएवढी, कोमट पेटी लागली. आत्मा गरम व्हायला लागलाय, असं मनाशी म्हणत ती उतरली.

त्या संध्याकाळी तिने वहिनीला समजावून बघितलं. काशी एकदम उसळली.

"वन्स, पाच म्हैने ते गप होते. आता बोलतात, तर तुमाला खुपतंय? तुमच्या सख्ख्या भावाचा आवाज तुमाला वलखू येत नाय?"

"आवाज वलखला, वहिनी. पन—"

"पन नि बिन नाय. ते बोलले, सुई नको. मी त्यांच्या शब्दाबाहेर कंदी गेली?"

दादा जिवंत असताना वहिनी त्याच्या कुठल्याच शब्दाच्या आत राहिली नव्हती. हे सांगायची ती वेळ नव्हती.

घरी येऊन तिने फोन काढला. दादाने मरायच्या आधी पाठवलेला एक आवाजी निरोप तिच्या फोनमध्ये होता. ती तो पुन्हा कधी ऐकू शकली नव्हती, कारण त्याखाली तिचंच उत्तर होतं: 'पुढच्या रविवारी येते.' त्या रविवारी ती गेली होती, पण पांढरी साडी नेसून. आज तिने तो ऐकला. दोनदा ऐकला. मग ओवाळणीचं ताट घासायला घेतलं.

पुढचा गुरुवार भाऊबीजेनंतरचा दुसराच दिवस होता. रंजिता निरांजन, सुपारी, अक्षता घेऊन अंगणात हजर. ताटाखाली धरलेला फोन, कमरेला स्क्रू-ड्रायव्हर.

"दरबाराआधी भावाला ओवालते."

महाराज दचकले. "समाधीवाहनाचं दार मुहूर्ताआधी उघडत नाहीत, माते."

"आत्मा आत हाय ना? मंग ओवालायचं कुनाला, टायराला?"

बायका चाळवल्या. गावातली सगळ्यात म्हातारी ठकी काठी आपटत म्हणाली, "बहिनीला भावाला ओवालू देत नाय? ह्यो कुठला रं म्हाराज? याला बहीन हाय का नाय?"

महाराजांना बहीण होती की नाही कोण जाणे, पण अक्कल होती. त्यांनी वाट दिली. रंजिताने दार उघडलं, सीटला कुंकू लावलं, निरांजन फिरवलं आणि वाकून नमस्कार करता करता सीटखालच्या ब्लूटूथच्या पेटीचं बटण दाबलं. निळा दिवा लुकलुकला. ताटाखालचा फोन पेटीला जोडला गेला. या पेट्या एका वेळी एकाच फोनचं ऐकतात. नवऱ्याने बायकोचं ऐकावं इतक्या नाइलाजाने, पण एकाचंच.

मग काशी नेहमीप्रमाणे गाडीत बसली. दार लागलं.

"बोल, कुंडलिका!" महाराजांनी डोळे मिटले.

गाडी गप्प.

"बोल! तुझी काशी आली आहे!"

गाडी गप्पच. आणि मग आवाज आला. पण गाडीतून नव्हे, गोठ्यामागच्या पेंढ्याच्या उडवीतून.

"काशीऽऽ... मी कुंडलिऽऽक..."

सगळ्या माना तिकडे वळल्या. आत्म्याला आज दिशा सापडली होती.

"काशीऽऽ! ऐकतंस का? मी कुंडलिक बोलतोय गोऽऽ!" गाडीतून काहीच उत्तर येत नाही म्हणून आत्मा आता बेंबीच्या देठापासून ओरडत होता. समीक्षा धावत गेली आणि तिने चार पेंढे उपसले. आत मांडी घालून, तोंडाशी फोन धरून भगीरथ बसला होता. कुंडलिकचा जुना ड्रायव्हर-दोस्त. नकला करण्यात तालुक्यात पहिला.

ठकी जवळ गेली. निरखून बघितलं. "भगीरथा, तू मेलास कंदी?"

अंगणात हशा उसळला. महाराज तेवढ्यातही मागे हटले नाहीत. "भक्तहो! आत्म्याने भगीरथाच्या देहाचा आश्रय—"

"आश्रय पेंढ्याचा घेतलाय, म्हाराज," रंजिता म्हणाली. "आता खरा कुंडलिक ऐका." आणि तिने दादाचा निरोप लावला.

बंद गाडीतून, कुठूनच न येणारा, सगळीकडून येणारा आवाज:

"रंजे, ऐक. दोनी दारांत बसवले गो स्पीकर. जुन्या दारात जागाच नाय. प्लायवूडची रिंग मारली, तरी काच अर्धीच खाली येते. बॅटरीवरना डायरेक लाइन घेतली, चावी बिवी नाय लागत. वायर मांडवाची उरलेली व्हती, तीच टाकली. दोनी तारा लाल! आता प्लस कंचा नि मायनस कंचा, कायच कलत नाय. आवाज सगलीकरना येतो. तू येऊन बघ. नि येताना काशीच्या सुया आन मेडिकलातून. ही बया संपल्या तरी बोलत नाय. पाय सडवंल एक दिवस."

अर्ध्या उतरलेल्या काचेतून काशीचा चेहरा दिसत होता. तिने दोन्ही हात दारातल्या स्पीकरच्या जाळीवर ठेवले होते.

मग रंजिताने स्क्रू काढून दाराचं पॅनेल उचकटलं. जुन्या जाळीमागे नवा स्पीकर, आणि त्याला दोन तारा. दोन्ही लाल.

"या, बघा सगली. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात ना? एकीनं वढलं की दुसरीनं सोडायचं, म्हंजे दलन होतं. दोघी उलट्या वढाय लागल्या, तर जातं जाग्यावर. तसे हे दोन स्पीकर. दोनी तारा लाल, म्हनून येकाच्या उलट्या लागल्या. येक हवा पुढं ढकलतो तवा दुसरा मागं खेचतो. मंग आवाजाचं बूड जातं, नि कानाला कलत नाय तो कुठना येतो. ह्यो चमत्कार नाय. माज्या भावाची चूक हाय. भगीरथ त्या दिवशी वायर धरायला व्हता, म्हनून त्याला ठावं. बाकी त्याचा घसा नि सीटखालची पेटी. नि अमावशेचा धूप बॅटरी भरायला!"

"मंग साठ रुपयांची नादजलाची बाटली?" मुरबाडच्या एका बाईने विचारलं.

"त्यात पानीच व्हतं, बाय. तेवढी एक गोष्ट खरी."

तिने तारा अदलाबदल केल्या आणि समीक्षाला फोनमध्ये बोलायला लावलं. आवाज झटक्यात डॅशबोर्डासमोर येऊन बसला. भरीव, साधा, बारावीच्या मुलीचा आवाज. ज्याला हवं त्याने आत बसून ऐकलं. तेवढ्या वेळात महाराज रस्त्याकडे सरकले होते, पण या गुरुवारीही 'ताप' कळवून आलेल्या आसनगावच्या तिघा नोकरदारांनी त्यांना अडवलं. सुट्टी फुकट गेल्याचा राग फार वाईट. संध्याकाळी पोलीस ठाण्यात तक्रार लिहून झाली तेव्हा महाराज पाणी मागत होते. त्यांना नळाचं दिलं.

अंगण रिकामं झाल्यावर काशी अजून गाडीतच होती. रंजिता पॅनेल बसवायला घेत होती.

"वन्स," काशी हळूच म्हणाली. "त्या तारा परत उलट्या करा."

"अगं वहिनी, आता सरल झाल्यात."

"करा. ती चूक त्यांची हाय. तेवढीच हाय आता या गाडीत." काशीने डोळे पुसले. "मला आता म्हाईत हाय ना ती काय हाय. मंग कशाला भ्यायचं?"

रंजिताने दुकानात अशी तार आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या गाडीत राहू दिली नव्हती. तिने ती उलटी केली आणि पॅनेल लावलं.

मेलेल्या माणसाचा आवाज ऐकावासा वाटणं यात मूर्खपणा नाही. तसं सगळ्यांनाच वाटतं. मूर्खपणा सुरू होतो तो दार उघडून न बघण्यात. कुणी सांगितलं की आवाज कुठूनच येत नाही, तर विचारा: तार कुठे आहे, पेटी कुठे आहे, पेंढ्यामागे कोण बसलंय. आणि कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर तो जिवंत असो की मेलेला, महाराज असो की नवरा, त्याचं ऐकू नका, डॉक्टरला विचारा.

समीक्षा फळीवरून डबा घेऊन आली. काशीने गाडीतच पदर सारला आणि सुई हातात घेतली.

"लावा वन्स, त्यांचा निरोप परत," ती म्हणाली. "मला शिव्या घालू देत त्यांना. तवर टोचून घेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी शहापूरच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. त्या लाल गाडीतून नव्हे. तिच्यात तिघी मावत नाहीत. एस.टी.ने गेल्या.