तिसऱ्या खाचेतलं नाव

मित्रांनो, मी एक जुनं नेटवर्क कार्ड आहे. तळहाताएवढी हिरवी पाटी, अंगभर सोनेरी रेषांची नक्षी आणि तार खोचायला एक चौकोनी तोंड, एवढंच माझं रूप. एका रुग्णालयात जिन्याखालच्या कपाटात मुख्य संगणक होता. त्याच्या पोटात, तिसऱ्या खाचेत मी बारा वर्षं राहिलो. चौथ्या खाचेत माझी धाकटी बहीण. माझी तार प्रयोगशाळेत आणि वॉर्डांत जाई, तिची बाहेरच्या जगात. मी घरातला, ती दारातली.

आमची नावं मात्र पक्की नव्हती. संगणक सुरू होताना जो आधी जागा होई तो ईथ-शून्य, मागून उठे तो ईथ-एक. घरातलं काम कुणाचं, बाहेरचं कुणाचं, हे त्या नावावरूनच ठरे. कित्येक वर्षं मीच आधी उठत आलो, म्हणून सगळं सुरळीत चाललं.

एका सकाळी वीज गेली नि आली, आणि बहीण पापणीभर आधी उठली. माझं नाव तिला गेलं, तिचं मला. वरच्या मजल्यांचे निरोप बाहेरच्या तारेवर चढून हरवले. शस्त्रक्रियेच्या खोलीत रक्ताच्या अहवालाची वाट बघत सगळे खोळंबले. शेवटी प्रयोगशाळेतले काका कागद घेऊन तीन जिने धावले.

"अहो मावशी, तुमच्या डब्याला काय धाड भरली?" ते खाली येऊन धापा टाकत म्हणाले. "माझे गुडघे गेले तर नवे देणार का?"

मावशी म्हणजे यंत्रं सांभाळणाऱ्या बाई. त्यांनी आमच्या तारांची अदलाबदल केली. काम सुरू झालं. दोन दिवसांनी पुन्हा वीज गेली, पुन्हा सगळं उलटं! आता कपाटापाशी कुणीतरी हवंच. तिकडे परगावी मावशींच्या लेकीचे दिवस भरत आलेले.

"आई, येतेस ना गं?" लेक फोनवर विचारी.

"या दोघांचं भांडण मिटलं की निघतेच बघ."

आम्ही भांडत नव्हतो, मित्रांनो! फार लागलं मला ते.

मग मावशींनी संगणकाची नोंदवही ओळ न् ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. "काका, इथे उठण्याच्या क्रमाने नावं देतात! घरात जो आधी उठेल तो थोरला, असं कुठं असतं का?"

"असतं तर आमच्याकडे मांजर थोरलं झालं असतं," काका म्हणाले.

मावशींनी ती रीतच बदलली. आता नाव बसल्या जागेवरून: तिसऱ्या खाचेतला, चौथ्या खाचेतली. कामंही त्याच नावांवर लावून दिली. मग त्यांनी दहा वेळा संगणक बंद करून चालू केला. सहा वेळा बहीण आधी उठली, चार वेळा मी. नावं तसूभर हलली नाहीत. "निघाले मी," म्हणत त्यांनी पिशवी उचलली.

तिसऱ्याच दिवशी वीज गेली. कपाटापाशी कुणी नव्हतं. मी जागा झालो तर बहीण आधीच उठलेली! मी आधी माझं नाव चाचपलं. पण ते माझ्यापाशीच होतं. अहवाल आला, मी उचलला, वर पोचवला. काका जागचे हललेसुद्धा नाहीत.

दुपारी बहिणीच्या तारेवरून एक फोटो आत आला. पुढे तो मी प्रयोगशाळेत नेला. दुपट्यातलं इवलं बाळ, आणि त्याच्या डोक्याखाली मावशींचा हात.

आता मी निवृत्त होऊन खणात पडून आहे. तिसऱ्या खाचेत नवं कार्ड बसलंय, माझंच नाव लावून, आणि वॉर्डात कुणाला ते कळलंही नाही. मला त्याचं सुखच वाटतं. मित्रांनो, तुमच्याही घरी, कामाच्या ठिकाणी, प्रत्येक वस्तूची जागा आणि नाव नीट ठरवून ठेवा. म्हणजे ती सांभाळणाऱ्या माणसाला चार दिवस आपल्या माणसांत जाता येईल.