मूल चित्राकडे बोट दाखवते का?

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी, जेवणानंतरच्या तासाला मॅडम म्हणाल्या, "आता प्रत्यक्ष वाचन करू. एक खरंखुरं मूल हवं."

आम्ही चाळीस शाळांचे चाळीस ग्रंथपाल. लहान मुलांना गोष्ट कशी वाचून दाखवावी, हे शिकायला तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात कोंबलेले. मी पटकन वहीत डोकं घातलं.

"हिची मुलगी आहे की खाली पाळणाघरात!" शेजारची म्हणाली. हिला आम्ही पहिल्याच दिवशी रेडिओ नाव ठेवलं होतं, कारण बंद करायचं बटण सापडत नव्हतं.

"नको, झोपली असेल."

"छे गं, आत्ताच बघून आले. टक्क जागी आहे."

काय सांगणार होते? गुंडी पावणेतीन वर्षांची आहे आणि सहाच शब्द बोलते, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "तिचा बाप चौथ्या वर्षी बोलला, आता थांबतो का बघ." सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि हसता हसता शब्द मोजायचे. माझ्याकडे एकच औषध होतं, पुस्तकं. घरी तिच्या नावाची देवघेव वहीच घातली होती: तारीख, पुस्तक, शेरा. दोनशे चौदा पुस्तकं वाचून झाली होती. शेऱ्याच्या रकान्यात मी दर वेळी 'ऐकलं' एवढंच लिहायचे.

नाही म्हटलं असतं तर "का?" आलं असतं, आणि त्या 'का'साठी माझ्याकडे खोटं तयार नव्हतं. मी गुंडीला घेऊन आले.

तोवर सगळ्यांना निरीक्षण तक्ते वाटून झाले होते. मूल पुस्तकाकडे पाहते का? मूल चित्राकडे बोट दाखवते का? मूल शब्द उच्चारते का? पुढे हो, नाही आणि विशेष नोंद. दार लावलं गेलं. एकोणचाळीस पेनांची टोपणं निघाली.

गोष्ट होती बूट हरवलेल्या खेकड्याची. मी वाचलं मात्र झकास. खेकड्याचा चिरका आवाज, कासवाचा जाडा आवाज. पुस्तक मांडीवर, अंगठा पानाच्या वरच्या कोपऱ्याला, पान अलगद. पुस्तक प्रशिक्षण केंद्राचं, नवंकोरं. गुंडीचा हात मध्ये आला की तो हळूच बाजूला करत होते. मध्येच थांबून विचारलं, "हा कोण गं? कोण हा?" गुंडी गप्प. माझ्याच पोटातून आलेली, आणि ओळख करून न दिलेल्या पाहुणीसारखी बसलेली. पहिल्या रांगेतले तक्ते मला उलटे वाचता येत होते. नाही. नाही. नाही. उठून पळावं तर मांडीवर पोर, पोरीपुढे पुस्तक आणि पुस्तकात अजून नऊ पानं.

"सुंदर!" शेवटी मॅडम म्हणाल्या. "तक्ते टेबलावर ठेवा. चहाला चला."

सभागृह रिकामं झालं. मी गुंडीला खुर्चीवर बसवलं आणि तक्ते चाळू लागले. जवळजवळ सगळ्यांत तेच 'नाही'. कुणी विशेष नोंदीत लिहिलं होतं, 'मूल लाजाळू'. रेडिओनं लिहिलं होतं, 'गोड'. मग एका तक्त्यावर बारीक, तिरकं अक्षर दिसलं: 'मूल तीनदा बोट पुढे करते. तिन्ही वेळा आई हात बाजूला करते.'

"ते माझं आहे," मागून आवाज आला. कुलूपकाका. निवृत्तीला चार महिने राहिलेले, गळ्यात कपाटाची किल्ली घालून हिंडणारे. चहा पीत नसल्यामुळे मागेच बसून राहिले होते.

"काका, पान मळू नये म्हणून केलं मी..."

"ठाऊक आहे. पस्तीस वर्षं मी तेच केलंय. हात धुतलेस? कोपऱ्यातून धर. थुंकी लावू नको." ते डोळे मिचकावून म्हणाले, "आपल्या धंद्याचा रोग आहे, बाई. माझी नात माझ्या खोलीत पाऊल टाकत नाही."

"म्हणजे तिला तसं काही नाही ना?"

"ते मला काय कळणार? मी ग्रंथपाल. हात ओळखतो, एवढंच."

मला राग आला. एवढं सांगितलंत, तर पुढचंही सांगा ना! पण ते खिडकीकडे तोंड करून बसले.

मी पुस्तक गुंडीच्या मांडीवर ठेवलं आणि माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिनं पुस्तकाकडे पाहिलंच नाही. आधी माझे हात कुठे गेले ते शोधलं. मग हळूच एक बोट पानावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पुन्हा ठेवलं. मग तीन पानं एकदम उलटली. कोपरा टर्रकन फाटला. मी हात आणखी घट्ट दाबले. 'खेकडा, म्हण खेकडा' असं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. तिनं वाकून माझा हात मांडीखालून ओढून काढला, त्यातलं एक बोट निवडलं आणि खेकड्यावर टेकवलं. शब्द आला नाही. मी वाट पाहिली, तरी आला नाही.

जिन्यात बोलणी ऐकू यायला लागली. सगळ्यांचे तक्ते आता गठ्ठ्यात होते. एक कोरा उरला होता. मी तो ओढला. बोटाच्या ओळीत 'हो' लिहिलं. शब्दाच्या ओळीत पेन थोडं थांबलं, मग 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली.

तसंच नवऱ्याला फोन लावला. "सोमवारी रजा टाक. गुंडीला डॉक्टरांना दाखवायचंय."

"का? ताप आहे का?"

"नाही रे. सहाच शब्द बोलते ती. मी मोजलेत."

तिकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी पाचच मोजले होते. सहावा कुठला?"