बिनमेंढ्यांच्या मेंढपाळाचा गुरुवार

मी एक मेंढपाळ बोलतोय. चिनी मातीचा असलो तरी चीन मी पाहिलेला नाही. जन्म माझा इंग्लंडमधल्या एका भट्टीतला, दोनशे वर्षांपूर्वीचा. मला रंगवणाऱ्या बाईने मेंढपाळ जवळून पाहिला नसावा. तिने माझे गाल नवरदेवासारखे गुलाबी केले आणि पायात रेशमी मोजे चढवले. असले मोजे घालून मेंढ्या राखायला कोण जातो? हातात काठी दिली, खांद्याला झोळी अडकवली, पायाशी कुत्रा बसवला. मेंढी मात्र एकही दिली नाही. तसाच मी या कपाटातून त्या कपाटात जात राहिलो.

एप्रिलमध्ये जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या जुन्या बाजारात नीलांबरीने मला विकत घेतलं, पण स्वतःसाठी नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण फ्राऊ रॉयटर यांनी सांगून ठेवलं होतं, की घर आता भाच्यासाठी हवंय, जूनअखेर नोटीस देईन. इथे भाड्याचं घर मिळता मिळत नाही आणि लेकीची, कुहूची, शाळा पलीकडच्याच गल्लीत. बाईंना जुन्या इंग्लिश बाहुल्यांचा भारी नाद. वाढदिवसाला मला द्यायचं आणि मन वळतं का पाहायचं, असा नीलांबरीचा बेत. तोवर तिने मला देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं आणि ती ऑफिसला पळाली.

घरात उरल्या तिच्या सासूबाई, कुसुमताई. पुण्याहून नुकत्याच कायमच्या इथे आलेल्या. काठी, झोळी, पायाशी कुत्रा. दत्तमहाराजांची आणखी कुठली खूण हवी? त्यात वार गुरुवार. मला काही कळायच्या आत दुधाचा अभिषेक झाला, कपाळी गंध लागलं, पुढ्यात साखरखोबरं आलं. कुत्र्यासाठी पोळीचा वेगळा घास. दोनशे वर्षांत मला कुणी जेवलास का म्हणून विचारलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

संध्याकाळी नीलांबरीने कपाळाला हात लावला. नवऱ्याला, नरेंद्रला, म्हणाली की तूच सांग आईंना. तो उद्या सांगतो म्हणाला आणि त्याचा तो उद्या काही उजाडेना. दर गुरुवारी आरती होऊ लागली. जवळच्या एश्बॉर्न गावात राहणारा नरेंद्रचा मित्र उत्कर्ष सहज पाया पडून गेला आणि आठवड्यात त्याच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळाली. मग काय, एस-बान, म्हणजे इथली लोकल, भरभरून माणसं येऊ लागली. व्हिसाचे, बढतीचे नवस मला बोलले जाऊ लागले. ज्याला आयुष्यात एक मेंढी सांभाळायला मिळाली नाही, त्याला!

शेवटी वाढदिवसाआधी फ्राऊ रॉयटरच कॉफीला खाली आल्या. मला पाहताच त्यांनी चष्मा लावला, मला उचललं आणि सरळ उलटं करून बुडाचा शिक्का वाचू लागल्या. कुसुमताईंच्या तोंडचं पाणी पळालं. हा तर साधा मेंढपाळ, असं रॉयटर बाई म्हणाल्या. एरवी आजीलाही जर्मनमध्ये उत्तर देणाऱ्या कुहूने ते चक्क मराठीत सांगितलं.

"मला माहितीये गं," कुसुमताई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी मोजे पाहिले मी. पण महाराज कुठल्या वेषात येतील, सांगता येतं का? आणि तुम्ही सगळे सकाळी आठला जाता. जेवायला वाढायला मला कुणीतरी नको का?"

कुहूने हे जर्मनमध्ये सांगितलं. रॉयटर बाईंनी मला अलगद सरळ उभं केलं. त्याही वर एकट्याच जेवतात. कुसुमताईंनी काय ओळखलं कोण जाणे. त्यांनी माझं गंध पुसलं, मला खणात गुंडाळलं आणि नारळासकट बाईंच्या हातात दिलं.

आता मी वरच्या मजल्यावर जेवणाच्या टेबलावर असतो. गुरुवारी कुसुमताई डबा घेऊन येतात. एक मराठीत बोलते, दुसरी जर्मनमध्ये, आणि दोघी एकमेकींना "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणतात. कुत्र्याचा घास हल्ली रॉयटर बाई मोडतात.

नोटिशीचं पाकीट तयार आहे, वर तिकीटही लावलेलं आहे. बाईंनी ते माझ्याखाली ठेवलंय आणि गेले चार महिने त्या धूळसुद्धा माझ्या भोवतीनेच पुसतात. तेव्हा मंडळी, कधी इकडे आलात तर खुशाल पाया पडा, नवस बोला. फक्त मला उचलू नका.