आधी पाणी

बँकेचा मेसेज सोमवारी सकाळी आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी फोन हातात घेईपर्यंत त्याने चपला काढल्यासुद्धा होत्या. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हात रिकामे.

"मोरेश्वर वडके?" तो म्हणाला. "तुमचं खातं आज बंद होतंय. आत ओट्यावर सहा आकडे उमटले असतील. तेवढे वाचून दाखवा, की मी निघालो."

मी आत जाऊन पाहिले. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पिठात सहा आकडे होते, बोटाने काढल्यासारखे. पीठ मी सांडले नव्हते.

मी तांब्या-भांडे घेऊन बाहेर आलो. "आधी पाणी घ्या. मग बोलू."

"पाणी नको. वेळ नाही."

"आमच्याकडे पाण्याआधी कामाचं बोलत नाहीत."

हा नियम शालनचा. शालन माझी बायको, ती श्रावणात गेली. मीटर बघणारा येवो, मत मागणारा येवो, नाहीतर भांडायला आलेला भाऊबंद येवो, तिने आधी गुळाचा खडा आणि पाणी पुढे केले. ती म्हणायची, तहान नसली तरी माणूस घोटभर घेतोच. न घेणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं. तांब्या मी घडवलेला आहे. आमची तांबट आळी, आणि लग्नात बायकोला स्वतः घडवलेला तांब्या द्यायची आमच्या घरातली पद्धत.

मी भांडे त्याच्या हातात दिलेच. देताना थोडे पाणी त्याच्या मनगटावर सांडले. तेवढ्या जागी मनगट पुसले गेले आणि पलीकडची गटाराची फरशी दिसू लागली. त्याने भांडे खाली ठेवले, चपला घातल्या आणि गेला. मी ओल्या फडक्याने ओटा पुसला. मग वैजूने शिकवले होते तसा तो नंबर ब्लॉक केला. वैजू माझी मुलगी, नाशिकला असते.

"बाबा, तुम्ही दार उघडताच कशाला?" ती फोनवर म्हणाली.

"गॅसवालाही दारातूनच येतो."

"मग बोलू तरी नका त्यांच्याशी."

"बोलत नाही. पाणी विचारतो."

शेजारच्या दिगू करड्याने पाणी विचारले नव्हते. त्याच्याकडे विजेचा मेसेज आला होता. बिल थकले आहे, आज लाइट कापणार, असे म्हणाला. दिगूने घाबरून माजघरात उमटलेले आकडे वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी त्याचे माजघर नव्हते. बाहेरच्या खोलीतून पाऊल टाकले की माणूस थेट परसात. माजघरात त्यांच्या मुलाचा जुना पाळणा होता. त्याची कडी तेवढी राहिली, ती आता पेरूच्या झाडाला लटकते. त्याची बायको, सिंधूवहिनी, तुळशीजवळ चूल मांडून स्वयंपाक करतात आणि धूर डोळ्यांत गेला की दिगूकडे बघतात.

"तक्रार केलीस का?" मी विचारले.

"केली ना. म्हणाले, माजघर होतं याचा फोटो आणा." दिगू दाढी खाजवत बसला. "माजघराचा फोटो कोण काढतो रे मोरू?"

"दारातून काढायचा होतास," वहिनी तिकडून म्हणाल्या. "आकडे वाचायला बरा चष्मा सापडला."

माझ्याकडे त्यांना स्वयंपाकघर हवे होते. हे मला पहिल्याच दिवशी कळले, कारण आकडे दुसरीकडे कुठेच उमटले नव्हते. स्वयंपाकघर शालन ठेवून गेली तसे आहे. डबे तिच्या क्रमाने. मिसळणाच्या डब्यात तिचा चमचा. माठावर झाकण आणि झाकणावर ओगराळे. फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी तिचा फोन. तो मी चार्जिंगला लावून ठेवतो आणि दर महिन्याला त्याचे पैसे भरतो. कशाला, असे वैजूने एकदा विचारले. मी म्हटले, असू दे. तिने पुन्हा विचारले नाही. बाकीचे घर कोणी नेले असते तर मी इतका अडलो नसतो. हे मी देणार नव्हतो.

त्या आठवड्यात रांग लागली. पार्सलवाला आला. तो म्हणाला, तुमचा पत्ता अपुरा आहे. मी म्हटले, तू त्याच पत्त्यावर उभा आहेस, पाणी घे. तो गेला. एक नोकरीवाला आला.

"अभिनंदन. तुमची निवड झाली आहे."

"कशासाठी?"

"घरबसल्या कामासाठी."

"घरी बसलेलाच आहे मी. पाणी घ्या."

त्यानेही घेतले नाही. गेलेले परत येत, दुसऱ्या नंबरावरून, दुसरा शर्ट घालून. रांग कासाराच्या दुकानापर्यंत गेली. आळीतले लोक तिला वळसा घालून जात. रांगेतले कोणी सावलीला सरकत नव्हते, कोणी खाली बसत नव्हते. सगळे म्हणत, आजच, आत्ताच, नाहीतर बंद होईल.

ते आत येत नसत. पण प्रत्येक जण जाताना उंबरा थोडा आत ढकलून जाई. माझी बाहेरची खोली आखडत गेली. आधी खाट भिंतीला टेकली. मग ती उभी करावी लागली. मग मी ती दिगूच्या परसात नेऊन टाकली. शालनचा फोटो मी खिळ्यावरून काढून स्वयंपाकघरात नेला, कारण खिळ्याची भिंत उरली नव्हती. शेवटी उंबऱ्यावर उभे राहिले की पाठ स्वयंपाकघराच्या चौकटीला लागू लागली. त्यापुढे मागे सरकायला जागा नव्हती. मला त्याचे बरे वाटले. आता मला कोणी सरक म्हणू शकत नव्हते.

मग जनू आला. जनू शालनचा धाकटा भाऊ. डोक्याला पट्टी, शर्टावर रक्त, हनुवटीवरचा तीळसुद्धा जागच्या जागी.

"दाजी, अपघात झालाय. दवाखान्यातून बोलतोय. ओट्यावर आकडे आलेत ते सांगा, नाहीतर हे ऑपरेशन करत नाहीत."

"पाणी घे जनू."

"दाजी, मी इथं मरतोय आणि तुम्ही पाणी कसलं पाजताय?"

"मरणाऱ्यालाच आधी पाजतात."

तो रडू लागला. रडणे जनूचेच होते. माझा हात ओट्याकडे वळला होता. पण मी फोन उचलला आणि जनूचा नेहमीचा नंबर लावला, माझ्याकडे पूर्वीपासून आहे तो.

"बोला दाजी," फोनमधला जनू म्हणाला. "जेवतोय."

"काय आहे?"

"पिठलं. का हो? आवाज असा का येतोय तुमचा?"

"सहज केला. जेव तू."

दारातल्याच्या तोंडावरून जनू निघून गेला. मागे कोणाचेच तोंड उरले नाही. मी ओटा पुसला.

शालन दुपारी आली. फोन वाजला, अनोळखी नंबर होता. *अहो, माझा नंबर बदललाय,* एवढाच मेसेज. मी मान वर केली तेव्हा ती उंबऱ्याबाहेर होती. दवाखान्यात जाताना नेसलेले तेच लुगडे.

"किती वाळलात," ती म्हणाली. "जेवता ना वेळेवर?"

"जेवतो."

"वैजूला फोन करता?"

"तीच करते."

"ओट्यावर आकडे आलेत. वाचा, म्हणजे मला आत येता येईल."

मला ती आत यायला हवी होती. पण आत म्हणजे स्वयंपाकघर. तेच देऊन टाकले तर ती येणार कुठे?

मी तांब्या उचलला, भांड्यात पाणी ओतले आणि पुढे धरले.

"मला पाणी विचारता?" ती म्हणाली. "मी काय पाहुणी आहे?"

"नियम तुझा आहे."

"अहो, वेळ नाही. आजचाच दिवस आहे."

शालनला घाई कधी नसायची. तिला न्यायला रिक्षा दारात उभी होती, वैजू रडत होती, मी पिशवी शोधत होतो. तेव्हाही शालनने भिंतीला धरून रिक्षावाल्याला आधी पाणी दिले होते. तो नको म्हणाला नव्हता.

"घोटभर घे," मी म्हटले. "मग सगळं घर तुझं."

तिने भांड्याकडे पाहिले. हात पुढे केला नाही.

"काका, लवकर करा," रांगेतून कोणीतरी म्हणाले.

"रांगेत राहा," मी म्हटले.

मी तांब्या-भांडे उंबऱ्यावर ठेवले, फोन घेतला आणि शालनचा जुना नंबर लावला. जनूचा लावला होता तसाच.

"तो कशाला लावता?" ती म्हणाली. "तो बंद झालाय."

"मी पैसे भरतो त्याचे."

माझ्या पाठीमागे, हळदीच्या डब्याशेजारी फोन वाजू लागला. फळीवर तो थरथरत होता आणि डब्याचे झाकण त्याच्याबरोबर वाजत होते. ती माझ्या खांद्यावरून आत बघू लागली. मी चौकटीला हातांची दोन्ही कोपरे लावून उभा राहिलो. मागे वळलो असतो तर दार मोकळे झाले असते. मी वळलो नाही.

"बंद करा तो," ती म्हणाली.

फोन वाजत राहिला. मग वाजायचा थांबला. माझ्या हातातल्या फोनवर सेकंद मोजले जाऊ लागले. पलीकडून कोणी बोलले नाही.

मागे माठावरचे झाकण निघाले. ओगराळे पाण्यात बुडाल्याचा आवाज आला. गुळाच्या डब्याचे घट्ट झाकण दोनदा ठोकून उघडले गेले, ते तसेच उघडते.

मग माझ्या खांद्यावरून एक ओला हात पुढे आला. हातात काठोकाठ भरलेले भांडे होते, आणि ते दारातल्या शालनसमोर धरलेले होते.