बत्तिसाव्या हिश्श्याचं पीक

बत्तिसे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते नाव त्यांना प्रतिकृती मंडळाने ठेवलं. मंडळात कुणी आगगाड्या करी, कुणी जहाजं, कुणी पूल. यांनी शेत केलं, आणि तेही एकास बत्तीस या मापात. म्हणजे खऱ्या शेतावर जे बत्तीस फूट, ते यांच्या फळीवर एक फूट. हा भागाकार त्यांच्या अंगात इतका मुरला की समोर काहीही आलं तरी ते मनातल्या मनात बत्तिसाने भागून मोकळे होत. एकदा भर सभेत त्यांनी अध्यक्षांच्या उंचीला भागलं आणि उत्तर मोठ्याने सांगितलं. अध्यक्ष मुळातच बुटके. त्या दिवसापासून हे बत्तिसे झाले.

नोकरी वजनमापे खात्यात. सगळी हयात दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, भांडतात, निदान आजारी तरी पडतात. बत्तिशांनी घराच्या मागच्या खोलीत गव्हाचं शेत घातलं. खऱ्या शेतात ते आयुष्यात एकदाच गेले होते, आणि बूट चिखलात रुतायला लागल्यावर बांधावरूनच परतले होते. आपल्या शेतात चिखल नाही, ही त्यांच्या मते खऱ्या शेतीवर केलेली सुधारणा होती.

शेत मात्र बघण्यासारखं होतं, हे त्यांच्या बायकोलाही कबूल होतं. ब्रशाचे पिवळे केस एकेक करून फळीत रोवलेले, प्रत्येकाच्या टोकाला पिठीसाखरेच्या पाण्याने चिकटवलेले रव्याचे कण. गव्हाच्या दाण्याला बत्तिसाने भागलं की बारीक रव्याचा कण येतो, तोही मलमलीतून चाळलेला. खसखस त्यांनी वापरून पाहिली होती. पण त्या मापात खसखशीचा दाणा बटाट्याएवढा दिसतो, म्हणून ती रागारागाने स्वयंपाकघरात परत धाडली. ओंब्या कापून झोडपणारा, तळहातात मावेल एवढा हार्वेस्टर होता. ओलं धान्य वाळवायला गरम हवेचं वाळवणयंत्र होतं. वाळलेलं धान्य वर चढवणारा चिमुकल्या वाट्यांचा पट्टा होता, आणि सगळ्यांत शेवटी सायलो, म्हणजे धान्य साठवायचं पत्र्याचं उंच, गोल कोठार. त्याच्या तळाचं झाकण उघडलं की धान्य खाली उभ्या ट्रॉलीत धो धो पडावं, अशी रचना. अजून तरी ते पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण बत्तिशांचा हिशेबावर विश्वास होता.

अडचण एकच होती. त्या खोलीची गरज सासूबाईंना होती.

सासूबाई पाय घसरून पडल्यापासून लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपत होत्या. सोफा असा, की त्यावर पाहुणाही दहा मिनिटांच्या वर टिकत नसे. बत्तिशांची बायको पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला; बोलणं कमी आणि आकड्यात. तिने सांगितलं की शनिवारी मंडळाचे परीक्षक घरी येताहेत, ते येऊन जाऊ देत. शेत पसंत पडलं तर ते मंडळाच्या कायमच्या दालनात जाईल, नाही पडलं तर सुटं करून खोक्यात जाईल. पण रविवारी ती खोली आईची. बत्तिशांनी मान डोलावली. दालनात काचेच्या पेटीत आपलं शेत आणि खाली पितळी पाटीवर आपलं नाव, हे चित्र त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की खोक्यांचा भाग त्यांच्या कानावरच पडला नाही.

त्या आठवड्यात हवा ओलसर आणि बोचरी होती. वाळवणयंत्राला मंद, गरम झोत हवा होता. केस वाळवायचं यंत्र लावून पाहिलं, तर अर्धं पीक गारपीट झाल्यासारखं भिंतीवर जाऊन आदळलं. मग त्यांना सासूबाईंच्या पायापाशी ठेवलेला लहान हीटर आठवला. तो त्यांनी उचलून आणला, पुठ्ठ्याचं नळकांडं करून यंत्राला जोडला आणि झोत अगदी मापात आला. मनाला थोडं टोचलं. पण त्यांनी नीट विचार केला. सासूबाईंना शाल पांघरता येते. गव्हाला येत नाही.

व्हायचं तेच झालं. शुक्रवारपर्यंत सासूबाईंच्या छातीत कफ भरला. डॉक्टरांनी दोन वेळा वाफ घ्यायला आणि कोरड्या खोलीत झोपायला सांगितलं. दुपारी बायको लवकर घरी आली, तिने आईच्या पायांना हात लावून पाहिला, मग सोफ्यापाशी जिथे हीटर असायचा त्या जागेकडे पाहिलं. घरात कोरडी खोली एकच होती. तिने घडीची खाट शेताच्या कडेला टाकली, आईला तिच्यावर बसवलं आणि समोरच्या स्टुलावर किटलीत पाणी उकळायला ठेवलं.

बत्तिसे बाजारातून नवा चिमटा घेऊन परतले तेव्हा शेतावर धुकं उतरलं होतं. पहिल्यांदा त्यांना फार छान वाटलं, कारण इतकं हुबेहूब धुकं त्यांना कधी जमलं नव्हतं. मग धुक्याच्या पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "या जावईबापू. पीक चांगलं आलंय यंदा."

त्यांनी घाईघाईने ओलावा मोजला. कोठारात भरायचं धान्य शंभरात चौदाच्या आत हवं. यांचं एकोणीस भरलं. शिवाय पिठीसाखर ओल धरते, ती चिकट झालेली. त्यांनी बायकोला जाब विचारला. तिने विचारलं, जाब हीटरचा की किटलीचा? तो विषय तिथेच संपला.

पण मुळात ती काही वाईट बाई नव्हती. थोड्या वेळाने तिनेच सुचवलं की कापणीच्या आधी खोलीत रात्रभर हीटर चालू ठेवा, आईलाही ऊब मिळेल आणि रवाही सुटा होईल. बत्तिसे दुखावले. उभं पीक हीटरने वाळवणारा शेतकरी तिने कुठे पाहिला होता? ओलं धान्य वाळवायला वाळवणयंत्र असतं, आणि खरं यंत्र एवढा ओलावा उतरवायला सहा तास घेतं. सहा तासांना बत्तिसाने भागलं की सव्वाअकरा मिनिटं. सव्वाअकरा मिनिटंच ते चालेल, वर एक क्षण नाही.

"अहो, वेळेलाही भागलंत?" तिने विचारलं.

"सगळ्यालाच भागायचं. नाहीतर मग प्रतिकृती कशाची?"

"पाण्याला तुमचं माप कळत नाही," ती म्हणाली. "त्याचा थेंब बत्तिसाव्या हिश्श्याने कमी चिकट होत नाही. आणि दाणा इतका बारीक केला की तो दाणा राहत नाही, पीठ होतो. पीठ ओघळत नाही, गठ्ठा धरतं. एकदा कोठारातून काढून तरी बघा."

बत्तिशांनी मनात म्हटलं, पाणी तपासणाऱ्या माणसाला सगळीकडे पाणीच दिसणार. आणि ते ट्रॉलीची चाकं पुसायला बसले.

शनिवारी सकाळी दोन परीक्षक आले. एक मंडळाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर. सवयीने कपाळावरचा दिवा घरूनच लावून आलेले. दुसरे जहाजवाले काका, ज्यांचं एकही जहाज आजवर पाण्यात गेलं नव्हतं. मंडळाचा नियम कडक होता: काम एकदा सुरू झालं की यंत्रांच्या कळा सोडून प्रतिकृतीला माणसाचा हात लागता कामा नये. दोघांनी बूट बाहेर काढले, आत आले आणि खाटेवरच्या सासूबाईंना पाहून थबकले. अध्यक्षांनी अदबीने विचारलं की या काही वेळ बाहेर बसू शकतील का. सासूबाई म्हणाल्या की बाहेर गारठा आहे. मग जहाजवाल्यांनी तोडगा काढला: फोटोत त्या गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन निजलेल्या असल्या तर मागचा डोंगर म्हणून खपून जातील. त्यावर बत्तिशांनी गंभीरपणे डोंगराचं माप काढायला घेतलं. सासूबाई जावयाकडे काही वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पांघरूण वर ओढून घेतलं.

कापणी देखणी झाली. हार्वेस्टर गुरगुरत निघाला, ब्रशाचे केस पट्ट्यापट्ट्याने आडवे झाले, रवा टाकीत जमला. जहाजवाल्यांच्या तोंडून नकळत वाहवा निघून गेली आणि त्यांनी ती लगेच खाकरण्यात बुडवली. वाळवणयंत्र सव्वाअकरा मिनिटं चाललं. बत्तिशांनी घड्याळ हातात धरलं होतं. वेळ भरताच त्यांनी कळ दाबली, जरी आतला रवा अजून पापडाच्या पिठासारखा दिसत होता. पट्टा धान्य घेऊन वर चढला, सायलो भरला. आता फक्त तळाचं झाकण उघडायचं होतं. बत्तिशांनी कळ फिरवली.

झाकण उघडलं. पडलं काहीच नाही.

सगळे वाकून बघू लागले. अध्यक्षांनी दिव्याचा झोत सायलोच्या तोंडात टाकला आणि वर पोकळी असल्याचं निदान केलं. रव्याने आत कमान धरली होती, म्हणजे तो वरच्या वर अडकून बसला होता. खऱ्या कोठारातही असं होतं, आणि तिथे बाहेरून ठोकून ते मोकळं करतात. अध्यक्ष तसे दयाळू. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की एक टिचकी मारलीत तर आम्ही दोघे तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघू.

बत्तिशांचा हात पुढे गेला. एका टिचकीवर काचेची पेटी, पितळी पाटी, सगळं उभं होतं. पण हात मध्येच थांबला, कारण बत्तिसे भागाकाराऐवजी आता गुणाकार करत होते. बोटाला बत्तिसाने गुणलं की पुरुषभर उंचीच्या ओंडक्याएवढं होतं. ओंडक्याने कोणता शेतकरी कोठार ठोकतो?

त्यांनी नवा चिमटा काढला. त्या अख्ख्या शेतावर माणूस एकच होता, बोटभर उंचीचा प्लास्टिकचा मजूर, हातात हातोडा. चिमटा म्हणजे हात का, यावर थोडी चर्चा झाली. आपले खलाशी आपण चिमट्यानेच हलवतो, असा दाखला जहाजवाल्यांनी दिला आणि चिमट्याला परवानगी मिळाली. मग बत्तिशांनी मजुराला कमरेत धरून सायलोपाशी उभं केलं आणि त्याच्याकडून ठोकून घ्यायला सुरुवात केली. टुक. टुक. टुक. हातोड्याचं टोक मोहरीएवढं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. जहाजवाले भिंतीला टेकले. बत्तिशांच्या कपाळावर घाम, मजुराच्या चेहऱ्यावर कारखान्यात रंगवलेलं हसू. आणि टुक, टुक, टुक.

तेवढ्यात डोंगर खोकला.

खोकला साधा नव्हता. पार तळापासून निघालेला आणि फळीला टेकलेल्या खाटेपर्यंत पोचलेला. फळी हादरली. सायलोतला सगळा रवा एका गठ्ठ्याने खाली आला, ट्रॉली उलटली, आणि मजूर मानेपर्यंत गाडला गेला.

तिघेही एकदम पुढे धावले. अध्यक्षांनी दिवा धरला, बत्तिशांनी चिमटा घातला, जहाजवाल्यांनी मजुराचा हातोडा शोधून काढला. डोकं शाबूत आहे का, हात तुटला का, जरा हळू, हळू, अशी कुजबुज चालली. बायको दारात आली तेव्हा तीन म्हातारे बाप्ये बोटभर बाहुल्याला रव्यातून उपसत होते, आणि मागे तिची आई अजून खोकत होती, डोळ्यांतून पाणी, एक हात स्टुलावरच्या पेल्याकडे. तिने आत येऊन पेला आईच्या हातात दिला आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. परीक्षकांना तिने चहा विचारला नाही.

निर्णय तिथल्या तिथे झाला. अध्यक्ष म्हणाले की धान्य पडलं हे खरं. पण ते बाह्य शक्तीने पडलं. मजूर एकास बत्तीस होता, खोकला एकास एक. मंडळ माप सोडू शकत नाही, आणि हे बत्तिशांना वेगळं सांगायला नको. जहाजवाले म्हणाले, वाईट वाटतं. पण त्यांचा चेहरा तसं म्हणत नव्हता. दोघे बूट घालून गेले.

खोलीत बत्तिसे, सासूबाई आणि रवा उरला. बत्तिशांनी उलटलेली ट्रॉली सरळ केली. मग त्यांच्या डोक्यात एकाएकी प्रकाश पडला. वादळ, भूकंप, वीज यांना कुठे माप असतं? खोकला हीदेखील नैसर्गिक आपत्तीच. मंडळाकडे फेरविचाराची मागणी करता येईल. पेटी, पाटी, सगळं अजून हातचं गेलेलं नव्हतं. ते खाटेच्या कडेला येऊन टेकले, जिथे ते एवढ्या दिवसांत एकदाही बसले नव्हते.

"आई, तुम्हाला एक सांगावं लागेल," ते म्हणाले. "मंडळापुढे. एवढंच, की तो खोकला आपोआप आला. तुम्ही काही मुद्दाम खोकला नाहीत."

सासूबाईंनी पेला खाली ठेवला.

"मुद्दामच खोकले," त्या म्हणाल्या. "सुरुवात मी केली, मग थांबेना, ते वेगळं. पण तो बिचारा केव्हाचा ठोकत होता हो. बघवेना मला."

"कोण बिचारा?"

सासूबाईंनी फळीकडे बोट केलं. रव्याने पांढरा झालेला मजूर पुसून, सरळ करून ट्रॉलीपाशी उभा केलेला होता.

तेवढा 'मुद्दाम' सोडून बाकीचं तुम्ही सांगा, असं म्हणावं की काय, असा विचार बत्तिशांच्या मनात आला. पण समोर बसलेली बाई तसं सांगणाऱ्यांतली नव्हती, हे इतक्या वर्षांत त्यांच्याही लक्षात आलेलं होतं. बाहेर माळ्यावरून खोकी काढल्याचा आवाज झाला. बायको आत आली, तिने रिकामी खोकी जमिनीवर मांडली आणि स्क्रूड्रायव्हर नवऱ्यापुढे धरला.

"रविवार उद्या आहे," बत्तिसे म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "उद्या गादी येणार आहे."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, खाली वाकले आणि सायलोच्या पायथ्याचा पहिला स्क्रू शोधू लागले. सासूबाईंनी पाय थोडे आखडून घेतले, म्हणजे त्यांना नीट दिसेल.